दोन किल्ल्यांचं कुलूप

कुलूपवाले काका थापा मारणाऱ्यांतले नव्हते. बाजारामागच्या गल्लीत चाळीस वर्षं त्यांनी लोकांची अडलेली कुलपं उघडली, किल्ल्या पाडून दिल्या, आणि जे जमणार नाही त्याला सरळ नाही म्हटलं. पण त्या दिवशी चित्रकार बाई कच्च्या चित्रांची चळत घेऊन दुकानात आल्या आणि काकांची जीभ विचाराच्या पुढे धावली.

बाई इतिहासातल्या गोष्टीवर कॉमिक काढत होत्या. तीनशे वर्षांपूर्वीचा एक प्रधान कैदेतून निसटतो, अशी गोष्ट.

"पोशाख सापडले, दिवे सापडले," त्या म्हणाल्या. "पण कोठडीचं कुलूप कसं होतं ते कुणीच सांगत नाही. तीन चौकटी कोऱ्या राहिल्यात, काका."

"दोन किल्ल्यांचं," काका म्हणाले. "एक उजवीकडे फिरवून धरायची, मग दुसरी डावीकडे. म्हणजे एकट्या पहारेकऱ्याला उघडता येत नाही. आमचे आजोबा सांगायचे."

बाईंनी तिथंच आकृती काढून घेतली. त्या गेल्यावर काका हातात कानस धरून नुसते बसून राहिले. आजोबा खरंच असं सांगायचे? ते सायकलींची कुलपं दुरुस्त करायचे, एवढंच काकांना नक्की आठवत होतं.

पुस्तक निघालं, बरं खपलं. वर्षभरानं बाईंचा फोन आला, की चित्रावरून ते कुलूप संग्रहालयानं पितळेत घडवून घेतलंय.

काका बघायला गेले. काचेच्या पेटीत कुलूप झळकत होतं आणि खाली पाटी होती, 'त्या काळी तुरुंगात वापरलं जाणारं कुलूप'. त्यांनी तिथल्या अधिकाऱ्याला गाठलं.

"साहेब, हे बहुतेक मी माझ्या मनचं सांगितलंय."

"बहुतेक म्हणजे?"

"म्हणजे आजोबा बोललेही असतील."

"मग बोलले होते की नव्हते?"

काका पुन्हा पाटीकडे बघू लागले. "तुमचं नक्की ठरलं की कळवा," अधिकारी म्हणाला. चेष्टा नव्हती त्यात, पण काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिथून ते थेट थोरल्या बहिणीकडे गेले. आजोबांच्या मांडीवर तीच जास्त वाढलेली.

"सांगायचे की," ताई म्हणाली. "दोन किल्ल्या, दोन पहारेकरी. मला तोंडपाठ आहे."

काकांच्या जिवात जीव आला. तेवढ्यात त्यांची नजर ताईच्या उशाकडे गेली. तिथं तेच कॉमिक होतं, वाचून वाचून कोपरे मऊ पडलेलं.

"ताई, हे तू आजोबांकडून ऐकलंस, की यात वाचलंस?"

ताईनं कॉमिक उचलून दोन-चार पानं उलटली. "आता मलाच कळेनासं झालंय," ती चिडून म्हणाली. "चांगलं आठवत होतं. विचारून घालवलंस."

मग काकांनी तसलं कुलूप स्वतः करून पाहिलं. तीन आठवडे गेले, दोनदा बिघडलं, तिसऱ्यांदा खटकन उघडलं. दोन मिनिटं त्यांना फार बरं वाटलं. पण उघडलं म्हणून ते जुनं थोडंच ठरत होतं?

शेवटी त्यांनी बाईंना सगळं सांगून टाकलं.

"दुसऱ्या आवृत्तीत काय लिहू मग?" बाईंनी विचारलं. "खरं, की काल्पनिक?"

"दोन्ही नको. कुलूपवाल्याला खात्री नाही, असं लिहा."

बाईंनी तसंच छापलं. संग्रहालयानंही पाटी बदलली, 'असं कुलूप वापरलं जात असावं'. काका मुद्दाम जाऊन ती वाचून आले. 'असावं' हा शब्द त्यांना पटला, छातीवरचं ओझं उतरलं. पण घराच्या वाटेवर अर्ध्यावर पोचले आणि पाय रेंगाळले. आजोबांनी खरंच सांगितलं असलं, तर आपण म्हाताऱ्याला उगाच खोटं पाडलं की काय?