हातावरचा क्लच

रिटायर झालेल्या फिटरच्या अंगणात गवत कापायचा एक जुनापुराणा छोटा ट्रॅक्टर होता. तो बायकोच्या माहेरचा, आणि तिच्याशिवाय कुणी त्यावर बसत नसे. "नवरा माझा, ट्रॅक्टरही माझा, पण ऐकतो तो फक्त ट्रॅक्टर," असं ती येईल त्याला सांगायची.

तिच्या डाव्या पायातली ताकद गेली, तेव्हा फिटरने क्लचचं पेडल काढून हाताने ओढायचा लिव्हर बसवला. ते काम हातावेगळं होईतो उजवा पायही गेला. मग त्याने ब्रेकसुद्धा हातावर आणला. डॉक्टरांनी पुढचं स्पष्टच सांगितलं होतं. शेजारी म्हणाला, "कशाला उगाच जिवाचं रान करतोस?" फिटरने त्याला पाना फेकून मारायचाच काय तो बाकी ठेवला.

पुढे लिव्हर तिला जड जाऊ लागला. त्याने तो लांब केला, केबल बदलली, हलकी स्प्रिंग घातली. तरी घोडं तिथेच अडलेलं.

आज सकाळी त्याने तिला उचलून सीटवर बसवलं आणि खाली वाकून केबल सोडवली. तिला वाटलं, काम झालं. तिने दोन्ही हातांनी लिव्हर धरला आणि दात-ओठ खात ओढला. तो जागचा हलला नाही.

"अहो, अजून जरा जडच लागतोय."

लिव्हरला काहीच जोडलेलं नव्हतं; एका बोटानेही तो हलायला हवा होता. सुटलेली केबल फिटरच्या हातात होती.

"हो गं, स्प्रिंगच कडक आहे," तो मान वर न करता म्हणाला. "उद्या बदलतो."