एका बादलीचा नियम

तुमसरला मी, बायको, मुलगी आणि माझे बाबा भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. घरमालकानं नळाला मीटर बसवलं. पहिलं बिल पाहिलं आणि मी घरात नियम लावले. आंघोळीला माणशी एक बादली. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, कपड्यांचं शेवटचं पाणी संडासाला. राइस मिलमधलं माझं काम हंगामापुरतं, उन्हाळ्यात हात रिकामाच. बाबा म्हणाले, "बराबर आहे तुहं."

बाबांनी जन्मभर चिखल्याच्या मँगनीज खाणीत काम केलं होतं. जमिनीखाली घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहून. आई गेल्यावर ते आमच्याकडे आले. आता दाढीसुद्धा वाटीभर पाण्यात उरकायचे. मला त्याचं कौतुक वाटायचं, शेजाऱ्यांना मी ते सांगायचोही.

वयामुळे त्यांना सारखं लघवीला जावं लागे. एका सकाळी ते तिसऱ्यांदा बादली घेऊन निघाले तेव्हा मी बोलून गेलो, "बाबा, दर वेळी कायले एवढं ओतता?" त्यांनी बादली खाली ठेवली. अर्धं पाणी परत टाक्यात टाकलं आणि गेले. माझ्या मनातून ती गोष्ट दुपारपर्यंत निघूनही गेली.

मे महिन्यात ते मोरीजवळ कोसळले. ओठांवर पापुद्रे आले होते. भंडाऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "दिवसभरात पाणी किती पितात?"

मी बायकोकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, "माठ त भरलेलाच राहते."

खाटेवरून बाबाच बोलले. "सकाळी एक गिलास, संध्याकाळी एक. जास्त पेलं का जावं लागते. गेलं का बादली लागते."

डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं आधीच अशक्त होती, त्यात हा उन्हाळा आणि हे असं कोरडं राहणं.

डॉक्टर गेल्यावर मी खाटेजवळ गेलो. विचारलं, "मले काहून नाही सांगतलं, बाबा?"

"काय सांगाचं त्यात? तूच त म्हनलं होतं." आवाजात राग नव्हता. मी सांगितलेलं नीट ऐकलं, एवढंच त्यांना सांगायचं होतं. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

चार महिने आठवड्यातून दोनदा डायलिसिस झालं. पावसाळ्यात मिळालेली मजुरी सोडून मी सोबत जायचो, ते माझा खाडा पडला म्हणून हळहळायचे. दसऱ्याच्या आधी ते गेले.

पाणी आम्ही अजूनही जपूनच वापरतो, दुसरा इलाज नाही. नातेवाईक म्हणतात, वय झालं होतं. मीही मान हलवतो. मुलगी शाळेतून आली की मी विचारतो, पाणी प्यायलीस का? ती चिडते. म्हणते, "बाबा, किती वेळा विचारता!"

तरी विचारतो.