खोल पाण्यातली मुशी

किन्हवलीच्या बाजारात एक मावरं विकणारी बाई बसते. जे तिनं स्वतः खाल्लं नाय ते ती गिऱ्हाइकाला देत नाय, मग तो कितीबी भांडू दे.

माझी बायको बाळंत झाली नी तिला दूध येईना. गाईचं पोराला पचंना. आमच्याकडं दूध उतरावं म्हणून बाळंतिणीला मुशीची मासळी खायला घालतात, म्हणून मी बाजार गाठला. बाईकडं एकच मुशी होती, बर्फाच्या पेटीत चुकून आलेली. वीतभर, काळीकुट्ट, हिरवे डोळे केवढाले.

"ही लय खोल दर्यातली रे. तिथं ऊन पोचत नाय, म्हणून डोळे असे."

"माझ्या डोक्यात पण ऊन पोचत नाय," मी बोललो. "दे गो मावशी."

"मी कदी खाल्ली नाय. दूध पोर पिणार ना? आज मी खाऊन बघते."

मी विनवलं, मग शिव्या दिल्या. अडाण्याला तेवढंच येतं. तिनं मुशी आपल्या पिशवीत टाकली.

म्होरल्या बाजाराला तिनंच हाक मारली. माझ्यासाठी ओल्या फडक्यात दोन साध्या मुश्या ठेवलेल्या.

"ती काळी गोड लागली रे, काय झालं नाय मला. उगाच अडवली तुला. पोर कसं हाय?"

पोराला पुरून चार दिवस झाले होते. मी तिचं तोंड बघितलं नी बोललो, "बरं हाय."

तवापासून ती दर बाजाराला विचारते. रांगतोय, चालतोय, असं मी सांगत गेलो. औंदा शाळेत घातलाय. बापावर गेलाय, डोक्यात ऊन पोचत नाय, असं सांगतो नी ती हसते.