दुबईची मुलाखत

आमच्या गल्लीत लग्नांचं निवेदन करणारा एक जण राहतो. तो चहासुद्धा माईकवर बोलल्यासारखा मागतो. "वहिनी, अर्धा कप, साखर लई टाका!" हे निम्म्या देगलूरला ऐकू जातं.

दुबईच्या एका मनोरंजन पार्कात निवेदक हवा होता. मुलाखत व्हिडिओ कॉलवर होती आणि वायफाय आमच्याकडे, म्हणून तो इस्त्रीचा कोट घालून आमच्याच बैठकीत बसला.

पलीकडच्या बाईंनी हिंदीत विचारलं, "परक्या मुलखातल्या लोकांना हसवू शकाल?"

"मॅडम, हमारे इधर नवरा तेलंगणे का, नवरी कर्नाटक की. मैं तो हर शादी में परदेसीच हूँ!"

मग त्यानं त्यांनाच वरमाय केलं आणि तेलुगू, कन्नड मिसळून जेवायचा असा काही आग्रह केला, की एक शब्दही न कळता बाई डोळे पुसेपर्यंत हसल्या. नोकरी तिथंच पक्की झाली.

मी पेढे शोधायला उठले. तो मात्र कोटाचं बटण चाचपत बसून राहिला. नंतर इतक्या हळू बोलला, की मला वाकून ऐकावं लागलं.

"वहिनी, माय घरी एकलीच हाय. तिला तुम्ही सांगता का?"

मी चपला घातल्या. तो काही उठला नाही.