रुमाल टाकलेली जागा

पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर गाडी लागली की तो खाली उभा राहूनच हात उंचावायचा आणि गळ्यातला निळा रुमाल खिडकीतून पुढच्या सीटवर टाकायचा. रुमाल पडला की जागा धरली गेली. त्यावर बसायची कोणाची छाती नव्हती. तुम्हीही अशा गाड्यांतून फिरला असाल, तर हा कायदा तुम्हाला सांगायला नको.

आमच्या पांढुर्णा-सौंसर गाडीचा तो कंडक्टर. मी पांढुर्ण्यात राहते आणि सौंसरच्या शाळेत शिकवते, त्यामुळे रोजची गाठ. गाडीत मुंगीला शिरायला वाट नसायची, तरी हा माणसं कोंबतच राहायचा. मी ओरडायचे, "कुठी हाये जागा?" तो हसायचा. "थोडं सरका, मॅडम. जागा होते." आणि खरंच व्हायची, त्याचा आणखी संताप यायचा.

तो ख्रिस्ती होता. त्याच्या गावात तसं ते एकच घर. गाडी सुटण्याआधी दारात डोळे मिटून उभा राहायचा आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकायचा. एकदा मी विचारलं, रोज इतकं काय मागता?

"मागत नाही जी. येशू सांगून गेला, तुमच्यासाठी जागा तयार कराले चाललो. म्हणजे आपला रुमाल वर टाकून ठेवला त्यानं. मंग कायची घाई?"

सगळी गाडी हसली. मीही हसले.

त्याच्या बायकोला सिकलसेल होता, रक्ताचा जन्मजात आजार. तिचं अंग ठणकायला लागलं की तो तिला नागपूरला न्यायचा. परत यायचा तेव्हा डोळे लाल असायचे आणि तोंडात तेच, "तो सांभाळते." इतकं मुकाट सोसणाऱ्यांचा मला रागच येतो. बरी असली की ती संत्र्याच्या तोडणीला जायची. गाडी गावच्या फाट्यावर थांबली की खिडकीतून त्याचा डबा द्यायची आणि पुढच्या सीटवर दोन-चार संत्री ठेवायची.

शनिवारी त्या सीटवर त्याच्याच गावचे काकाजी बसायचे. गावात त्यांचा शब्द चालायचा. दर शनिवारी ते सौंसरच्या अलीकडे जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला निघत. त्यांचे गुडघे दुखतात म्हणून हा पांढुर्ण्यापासून त्यांची जागा धरून आणायचा. तिची संत्री काकाजी आरामात सोलून खायचे.

गेल्या एप्रिलमध्ये ती गेली. कळलं तशी मी शाळेतून निघाले. दुपार टळत आली होती आणि प्रेत अजून अंगणातच होतं. बर्फाचं पाणी फाटकापर्यंत वाहत आलं होतं. त्याच्या आईवडिलांना गावच्या मसणवट्याच्या कोपऱ्यात पुरलं होतं. आता तिथे शेड झाली, भिंत झाली, आणि गाव म्हणत होतं की इथे पुरायचं नाही. गावातर्फे काकाजी बोलत होते.

"आमच्यात जाळतेत. जाळत असशीन तर लाकडं आम्ही देतो. गाडाचं असंन तर दुसरीकडे ने."

माझं डोकं फिरलं. "काकाजी, तिची संत्री गोड लागली न? मंग तिले दोन हात माती द्याले काय जाते तुमचं? लाज नाही वाटत?"

"मॅडम, तुम्ही बाहेरच्या. हा गावाचा मामला हाये."

बाकीचे त्यांच्यामागे उभे होते. त्यातली अर्धी तोंडं मी रोज गाडीत पाहत होते.

मग मी त्याच्यावरच उलटले. "वर रुमाल टाकला म्हणत होते न तुम्ही? खाली कोण टाकन? कुठी गेला तुमचा जागा देणारा?"

तो तिच्या उशाशी बसला होता. मान वर न करता म्हणाला, "तेच विचारून राहिलो त्याले. सकाळपासून भांडून राहिलो. लय वाईट बोललो." तिच्या अंगावरची चादर सारखी करत म्हणाला, "पण त्याच्याशीच बोलून राहिलो जी. इथं दुसऱ्या कोणाशी बोलू?"

याचं उत्तर तुम्हाला सुचत असेल तर सांगा.

शेवटी ड्रायव्हर आमचीच गाडी घेऊन आला. पेटी मधल्या वाटेत ठेवली आणि तिला छिंदवाड्याच्या ख्रिस्ती कब्रस्तानात नेलं. निघताना त्याने गळ्यातला निळा रुमाल पुढच्या सीटवर टाकला. त्या जागेवर सबंध वाटेत कोणी बसलं नाही.

तो कामावर परतला तो शनिवारीच. स्टँडवर त्याने नेहमीसारखा हात उंचावला आणि काकाजींसाठी रुमाल टाकला. मी त्याच्या अंगावर धावूनच गेले. "त्याच माणसासाठी?"

"त्यांचे टोंगळे दुखतेत, मॅडम." त्याने माझ्याकडे न बघता तिकिटं मोजायला घेतली. "राग मलेही हाये. पण वर मी जागा मागून राहिलो न? मंग इथं कसं नाही म्हणू?"

फाट्यावर काकाजी चढले. कोणाकडे पाहिलं नाही, पण बसले त्याच रुमालावर.

यंदा तो मुलीकडे राहायला गेला, छिंदवाड्याला, बायकोच्या कबरीजवळ. नव्या कंडक्टरला रुमालाशी देणंघेणं नाही. म्हणून शनिवारी मी माझा रुमाल त्या पुढच्या सीटवर टाकते, दोन तिकिटं काढते आणि शेजारी बसते. काकाजी चढतात, दांडी धरून उभे राहतात, रिकाम्या जागेकडे पाहतात. परवा त्यांनी विचारलंच, "मॅडम, कोण येऊन राहिलं इथं?"

"जिले तुम्ही जागा देली नाही, तिची हाये."

तो असता तर म्हणाला असता, थोडं सरका, मॅडम. मला ते ठाऊक आहे. पण तो नाही, आणि काकाजी जामसांवली येईपर्यंत उभे असतात.