मावशींनी दिलेली घंटा

कर्जत तालुक्यातल्या त्या हायस्कुलात सत्यशीलामावशी बावीस वर्षं शिपाई होत्या. हेडमास्तर आले नि गेले, घंटा मात्र मावशींचीच. त्यांचा टोला चुकला तर घड्याळ बंद पडलं असेल, असं मास्तरलोक थट्टेनं म्हणायचे. मधल्या सुट्टीची घंटा झाली की चारशे पोरं अशी सुटायची, की व्हरांड्यातल्या माणसानं भिंतीला चिकटूनच उभं राहावं. सगळ्यांच्या पुढं नववीतली राजनंदिनी.

जानेवारीत ज्वारी दाण्यात आली होती. पाखरं हाकायला शेजारच्या रानात पुंजाराम दिवसभर पाइपातून कार्बाइडचे बार काढायचा. त्या दिवशी दोन बार झाले, जरा जवळून. पुंजाराम आज बांधापर्यंत आला वाटतं, असं मनात म्हणत मावशींनी वेळेवर टोला दिला. चूक म्हणावी तर चूक, नाहीतर बावीस वर्षांची सवय.

बार रानातले नव्हते. कुठल्याशा जुन्या भांडणाचा राग धरून बाहेरचा एक माणूस गावठी कट्टा घेऊन ऑफिसात शिरला होता. क्लार्कच्या खांद्यावर निभावलं. तो माणूस व्हरांड्यातून पळत सुटला, तोच समोरून पोरांचा लोंढा आला, आणि घाबरून त्यानं तिसरी गोळी झाडली. त्या गोळीनं राजनंदिनी गेली.

माणूस पकडला गेला. शाळा महिनाभर बंद राहिली. मावशींनी घंटा द्यायचं सोडलं, कारण कुणाला सांगितलं नाही. मग संस्थेनं घड्याळावर आपोआप वाजणारी विजेची घंटा बसवली. ती बंद शाळेतसुद्धा वाजायची, अगदी रविवारीही, आणि रस्त्यानं जाणारी माणसं भराभर पाय उचलायची. शाळा भरायला लागल्यावर तर अंगावर काटा यायचा. घंटा घणघणायची, वर्गांची दारं उघडायची, पण एकही पोर बाहेर येत नसे. डबे बाकावरच, मुकाट्यानं. रानात बार झाला की सगळी शाळा बाकांखाली.

एक दिवस राजनंदिनीची आई, गोजरबाई, धाकट्या निकिताला घेऊन आली. पोरगी फाटकाच्या आत यायला तयार नव्हती. मावशींना राहवलं नाही.

"त्या दिशी घंटा म्याच दिली, गोजरबाई. बार आईकले, तरी दिली. न्हाईतर पोरं वर्गातच ऱ्हायली असती."

"ठावं हाय मला," गोजरबाई म्हणाली. "लई दिस तुमचं त्वांड बघू वाटत न्हवतं. पर ही म्हनती, मावशीनं घंटा दिली तरच शाळंत जाईन. ती नवी कोन वाजवतंय, दिसत न्हाई म्हनती."

दुसऱ्या दिवशी विजेची घंटा बंद ठेवून सकाळची घंटा मावशींनीच दिली, नि निकिता आत आली. मग मधल्या सुट्टीला त्यांनी टोला दिला. आवाज तोच निघाला. दारं उघडली, कुणी हललं नाही. मग मावशी एकट्याच व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या आणि मैदानात उन्हात उभ्या राहिल्या. पहिली निकिता निघाली. मागून एकेक करत सगळी आली, चारशे पोरं, पण पावलांचा आवाज म्हणून नाही.

त्या शाळेत आता मधल्या सुट्टीला कुणी पळत नाही.