पांढरी गच्ची

माणसाने सूर्यावर विजय मिळवला तो ठाकुर्लीत, आमच्या सोसायटीच्या गच्चीवर. आम्ही शेवटच्या मजल्यावर राहतो. एप्रिलच्या दुपारी आई उशी घेऊन खाली शेजाऱ्यांकडे झोपायला जायची आणि त्याची तिला लाज वाटायची. सभेत एसीच्या प्रकारांवर तीन तास भाषणं झाली. शेवटी सेक्रेटरी म्हणाले, "आधी गच्चीला पांढरा रंग मारून बघू."

रंग लागल्यावर भर दुपारी मी स्टुलावर चढून छताला तळहात लावला. ते भिंतीइतकंच गार होतं. वर एवढा सूर्य, मध्ये नुसता रंग. मला हात काढवेना.

"उतर रे, पडशील," आई स्वतःच्या पलंगावरून पेंगत म्हणाली.

त्या उन्हाळ्यात सोसायटीच्या वहीत एकच तक्रार आली: गच्ची तापत नाही, पापड वाळत नाहीत. खाली सही आईची आहे.